चालक काढला तरी गाडीचा खर्च राहतोच

उबरसारख्या टॅक्सी सेवेत आपोआप चालणाऱ्या गाड्या आल्या, तर ‘चालक गेला की त्याचा वाटा थेट कंपनीच्या खिशात’ असं म्हटलं जातं. हिशेब इतका सरळ नाही. आज बहुतेक ठिकाणी गाडी चालकाची किंवा त्याने भाड्याने घेतलेली; हप्ता, इंधन, टायर, घसारा त्याच्या माथी. उबर मधला कमिशन घेणारा. चालक काढला की हे सगळं कंपनीच्या ताळेबंदात येतं, वर लायडार (लेझरने आजूबाजूचं अंतर मोजणारं यंत्र), धुणं-पुसणं, चार्जिंगचा तळ आणि अडकलेल्या गाडीला दुरून वाट दाखवणारी माणसं. खरी गोम गर्दीच्या तासांत आहे: संध्याकाळी पुरतील इतक्या गाड्या घेतल्या तर पहाटे तीनला त्या नुसत्या उभ्या. चालक गिऱ्हाईक नसलं की घरी जातो, कंपनीला फुकटात.

उबरने अशा गाड्या स्वतः करून पाहिल्या, आणि त्यावरून खटलाही झाला. वेमो (गुगलच्या मालक कंपनीची चालकाविना गाड्यांची कंपनी) विरुद्ध उबर या खटल्यात पेटंटचे मुद्दे गळत गेले, उरली ती व्यापारी गुपितं. वेमोच्या एका माजी अभियंत्याने तिच्या सुमारे १४,००० फायली उतरवल्याचा आरोप होता. पण संशय पक्का झाला तो एका पुरवठादाराकडून वेमोला चुकून आलेल्या ईमेलमुळे, ज्यात उबरच्या लायडार सर्किट बोर्डाचा आराखडा होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुनावणीच्या पाचव्या दिवशी तडजोड झाली: वेमोला उबरचे ०.३४ टक्के शेअर, रोकड नाही. २०२० च्या अखेरीस उबरने आपला चालकाविना गाड्यांचा विभाग ऑरोरा या त्याच क्षेत्रातल्या कंपनीला द्यायचं ठरवलं, आणि वर तिच्यात ४० कोटी डॉलर स्वतःच गुंतवले. म्हणजे विकणाराच पैसे मोजतोय!