शब्दचर्चा : 'एकाच दिवशी' की 'एकाच तारखेला'?

रामबागवाला, इंदूर :
आमच्या मंडळाच्या मासिक पत्रकातलं 'दिनविशेष'चं पान माझ्याकडे असतं. मजकूर मराठी आणि हिंदी दोन्हींत जातो, कारण इथली बरीच मुलं घरी मराठी बोलतात, पण वाचायची वेळ आली की हिंदीकडे वळतात. फेब्रुवारीच्या पानावर हिंदीत लिहिलं, 'महाराजा सयाजीराव गायकवाड और लता मंगेशकर का देहांत एक ही दिन हुआ'. मराठीत 'एकाच दिवशी निधन झालं' असं केलं. अंक पोचला त्याच संध्याकाळी एका वयस्कर वाचकांचा फोन. "सयाजीराव गेले 1939 साली, लताबाई 2022 साली. मधे 83 वर्षं गेली, आणि तुम्ही एकाच दिवशी कसं म्हणता?" त्यांच्या मते 'एकाच तारखेला' हवं. मला ते कानाला रुक्ष लागतं.

6 फेब्रुवारी हा आम्हा माळव्यातल्या मराठी लोकांचा फार जवळचा दिवस. लताबाई जन्माने इंदूरच्या, 28 सप्टेंबर 1929. चीनच्या युद्धातल्या शहीदांवरचं जे गाणं त्यांनी 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत नेहरूंसमोर गायलं, ते लिहिणारे कवी प्रदीप उज्जैनजवळच्या बडनगरचे, आणि त्यांचा जन्म 6 फेब्रुवारी 1915 चा. म्हणजे गीत ज्यांनी लिहिलं त्यांच्या वाढदिवशी गाणारी गेली. पण प्रदीपजी 1998 मध्येच गेले होते. गेलेल्या माणसाचा 'वाढदिवस' म्हणायचा का? तर हे दोन प्रश्न. जाणकारांनी मदत करावी, मार्चचं पान छपाईला जायचं आहे.

दांडियाबाजारकर, बडोदा :
काकांचं अर्धं बरोबर आहे, आणि खोट शोधायची तर ती क्रियापदात शोधा. 'आम्हा दोघी बहिणींचा वाढदिवस एकाच दिवशी असतो' असं म्हटलं तर कुणी विचारत नाही की वर्ष एकच का. 'असतो', 'येतो' म्हटलं की तो दर वर्षी फिरून येणारा दिवस होतो. 'गेले', 'झालं' म्हटलं की घडून गेलेली गोष्ट, आणि मग ऐकणारा एकच सूर्योदय धरतो. तुम्ही 'दोघांचा स्मृतिदिन एकाच दिवशी येतो' असं लिहा, फोन येणार नाही.

जाता जाता, मार्चच्या पानासाठी: सयाजीरावांचा जन्म 11 मार्च 1863 चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. आणि बडोद्याकडून खेळलेले विजय हजारे जन्मले सांगलीला, 11 मार्च 1915 ला. बडोद्याची दोन दैवतं एका दिवसाची.

पेठेतला, सध्या विजयनगर इंदूर :
'तारीख' अरबीतून आलेला शब्द आहे. सावरकरांनी 'दिनांक' रूढ केला, तो सगळ्या सरकारी कागदांवर बसला, मग पत्रकात का नको? 'दोघांचा स्मृतिदिनांक एक' असं लिहिता येईल, किंवा 'समदिन' असा शब्दच पाडावा. दुसरं, तुमच्याकडच्या पत्रकांत 'पुण्यतिथी मनवली' असं सर्रास असतं, ते हिंदी आहे. आणि 'पुण्यतिथी साजरी केली' हेही चूक. साजरी होते जयंती. पुण्यतिथी पाळतात.

लष्करची लेक, ग्वाल्हेर :
'तारीख' शब्द अरबी खरा, पण त्याने मराठीत इतकी वर्षं काढली आहेत की आता त्याला पाहुणा म्हणणं अन्याय आहे. 'आज काय तारीख?' असं सगळे विचारतात. 'आज काय दिनांक?' असं मी एकाही मराठी घरात ऐकलेलं नाही. 'समदिन' ऐकून तर मला दिवस-रात्र सारखी असल्याचा भास झाला.

आमच्या घरी मात्र या सगळ्याला एकच शब्द होता, 'तिथ'. 'उद्या आजोबांची तिथ आहे' म्हटलं की स्वयंपाकात काय काय असणार ते ठरलेलं. कढी, वडे, खीर, अळूचं फदफदं. गंमत अशी की 'तिथ' ही कायम गेलेल्याची. जन्माची तिथ असते, पण तिला 'तिथ' कुणी म्हणत नाही.

आणि आमच्या गावचा दिवसही टिपून ठेवा, 25 डिसेंबर. अटलजींचा जन्म ग्वाल्हेरचा, 1924 चा. मदनमोहन मालवीय जन्मले 25 डिसेंबर 1861 ला. 2014 च्या डिसेंबरात दोघांना भारतरत्न एकदमच जाहीर झालं. राजाजी गेले तेही 25 डिसेंबरला, 1972 साली.

रामबागवाला, इंदूर :
दांडियाबाजारकर, 'असतो' आणि 'झालं' हा भेद मनापासून पटला. पण एक उदाहरण घ्या. 1 ऑगस्ट 1920 ला मुंबईत टिळक गेले, आणि त्याच 1 ऑगस्ट 1920 ला वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. इथे फोनवाल्या काकांच्या अर्थानेही दिवस एकच. दुसरीकडे 12 जानेवारी. जिजाऊ 1598 च्या, विवेकानंद 1863 चे, आणि आमच्या देवासला कुमार गंधर्व गेले 1992 साली. हे दोन्ही प्रकार 'एकाच दिवशी' या एकाच शब्दात कोंबायचे, तर वाचणाऱ्याला फरक कसा कळणार? मला पहिल्यासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरा शब्द हवा आहे.

छावणीवाला, इंदूर :
इंदूरचं दिनविशेष चाललंय आणि कर्नल सी. के. नायडूंचं नाव नाही? भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान, होळकरांच्या संघाचे प्राण. त्यांचे दोन्ही दिवस दुसऱ्यांच्या सावलीत गेले. जन्म 31 ऑक्टोबर 1895, नागपूर. 31 ऑक्टोबर म्हटलं की सरदार पटेलांची जयंती, 1984 नंतर इंदिराजींचीही आठवण. निधन इथेच इंदूरला, 14 नोव्हेंबर 1967. त्या दिवशी सगळीकडे नेहरू जयंती आणि बालदिन. शाळेत चॉकलेटं वाटतात त्या दिवशी नायडूंच्या नावाने कोण उभं राहणार? दिनविशेष लिहिणाऱ्यावर हीच जबाबदारी असते की मोठ्या नावाखाली गेलेलं नाव वर काढावं. शब्द काय, कुठलाही चालेल.

पेठेतला, सध्या विजयनगर इंदूर :
शब्द कुठलाही चालत नाही, म्हणून तर ही चर्चा. वाढदिवसाचं उत्तर सोपं आहे. वय वाढतं तोवर वाढदिवस. माणूस गेला की वय थांबलं, मग 'जयंती'. 'जयंती' ही दिवंगतांचीच. म्हणूनच हनुमान चिरंजीव असल्यामुळे 'हनुमान जयंती' न म्हणता 'हनुमान जन्मोत्सव' म्हणावं.

दांडियाबाजारकर, बडोदा :
हा निरोप दर चैत्री पौर्णिमेला फोनवर फिरतो, आणि त्याला आधार नाही. धर्मशास्त्रात 'जयंती' हा मुळात एका योगाचा शब्द. श्रावण वद्य अष्टमीला रोहिणी नक्षत्र आलं, की त्या कृष्णजन्माच्या योगाला जयंती म्हणायचे. जिवंत की दिवंगत, हा तिथे मुद्दाच नाही. तिथी आणि नक्षत्र जुळणं हा मुद्दा आहे. पुढे तो शब्द सगळ्या जन्मदिवसांना लागला. आणि संस्था चालू असताना हिंदीत, गुजरातीत 'रजत जयंती' करतातच की. 'दिवंगतांचीच जयंती' हा नियम आपण मराठीत सवयीने केला, व्याकरणाने नाही. सवय म्हणून मीही पाळतो. जिवंत माणसाला 'तुमची जयंती कधी' असं विचारणार नाही. पण सवयीला शास्त्र म्हणू नका.

माहेर पैठण, सासर रामबाग :
किती वेळ वाचते आहे, आता राहवत नाही. रामबागवाले भाऊ, तुम्ही शोधताय तो शब्द मराठीत आहे. आमच्या पैठणची नाथषष्ठी, फाल्गुन वद्य षष्ठी. परंपरा सांगते की जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला अनुग्रह, नाथांना जनार्दनस्वामींचा अनुग्रह, जनार्दनस्वामींची समाधी आणि 1599 साली खुद्द नाथांची समाधी, पाचही गोष्टी याच तिथीला. म्हणून तिला 'पंचपर्व षष्ठी' म्हणतात. पाच वेगळी वर्षं, दोन माणसं, एक जन्म, दोन समाध्या, आणि तरी तिथी एक. 'पर्व' म्हणजे पेर, उसाचं, बोटाचं. पेर शब्द पर्वातूनच आलाय. दोन कांडी जिथे जुळतात ती जागा. 'सहा फेब्रुवारीचं त्रिपर्व' असं लिहून बघा.

आणि पेठेतले दादा, नाथषष्ठीला पैठणला दिंड्या येतात, काल्याची हंडी फुटते. ती पुण्यतिथीच आहे. तुकाराम बीज, दासनवमी, आळंदीची कार्तिकी, सगळ्या समाधीच्या तिथी. तिथे उभं राहून सांगा की पुण्यतिथी साजरी करत नाहीत.

लष्करची लेक, ग्वाल्हेर :
ताई, 'त्रिपर्व' सुंदर आहे. 'तिथ' म्हणताना डोळ्यांसमोर केळीचं पान यायचं, हा शब्द वाचताना पेर दिसलं.

पेठेतला, सध्या विजयनगर इंदूर :
संतांचं वेगळं. समाधी म्हणजे मृत्यू नव्हे, म्हणून तिथे उत्सव. लोकमान्यांच्या पुण्यतिथीला 'साजरी' मला आजही खटकतं, आणि खटकत राहील. 'त्रिपर्व'ला मात्र माझी हरकत नाही, शुद्ध आहे. फक्त 'पर्व' हे तिथीचं असतं. इंग्रजी तारखेला पर्व म्हणणं म्हणजे 'पुण्यतिथी' तारखेने पाळण्यासारखंच झालं. नावात तिथी, कागदावर सहा फेब्रुवारी.

दांडियाबाजारकर, बडोदा :
मी वर 11 मार्च दिला, त्याला जोडून इथल्या एका मित्राने संभाजी महाराजांचं बलिदान 11 मार्च 1689 कळवलं. ते त्रिपर्वात घालू नका. का ते सांगतो. महाराज गेले ती फाल्गुन अमावास्या. आणि 11 मार्च 1689 ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आपण आज जे ग्रेगोरियन वापरतो त्याने तो दिवस 21 मार्च येतो, आणि अमावास्याही तिथेच बसते. शिवजयंतीची 19 फेब्रुवारी 1630 ही तशीच जुनी तारीख, आजच्या हिशेबाने 1 मार्च. गोखले 19 फेब्रुवारी 1915 ला गेले, ती मात्र नवी. म्हणजे 'शिवजयंती आणि गोखल्यांची पुण्यतिथी एकाच तारखेला' हे कागदावर खरं, आकाशात दहा दिवसांचं अंतर. शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस यांचंही तेच. दोघांच्या नावापुढे 23 एप्रिल 1616 छापतात, पण तेव्हा स्पेन नव्या कॅलेंडरवर होता आणि इंग्लंड जुन्यावर. इंग्लंडने 1752 मध्ये बदललं. मग फोनवाल्या काकांचं 'एकाच तारखेला' सुद्धा सरळ राहत नाही. कुठल्या कॅलेंडरची तारीख, ते सांगावं लागतं.

छावणीवाला, इंदूर :
मग तिथीच लावा ना. निदान आकाशाशी इमान राहील.

माहेर पैठण, सासर रामबाग :
तिथी लावली की आमच्या घरातला जुना वाद निघणार. अहिल्याबाई गेल्या 13 ऑगस्ट 1795 ला. महाराष्ट्राच्या पंचांगाने श्रावण वद्य चतुर्दशी. इथे अहिल्योत्सवाच्या हिंदी पत्रिकेवर असते 'भाद्रपद कृष्ण चतुर्दशी'. सासूबाई म्हणायच्या भाद्रपद, मी म्हणायची श्रावण.

लष्करची लेक, ग्वाल्हेर :
दोघीही बरोबर. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात भांडण नसतं, वद्य पक्षात इथला महिना एक पाऊल पुढे असतो. आमच्याकडे म्हणूनच जन्माष्टमी 'भादों'ची आणि आईच्या कॅलेंडरवर श्रावणाची.

रामबागवाला, इंदूर :
मार्चच्या पानापुरतं बघतो. सयाजीराव आणि हजारे यांचा 'जन्मदिन एकाच दिवशी येतो', क्रियापद दांडियाबाजारकरांचं. फेब्रुवारीच्या खुलाशात 'त्रिपर्व' घालावं का, ते अजून ठरत नाही. तारखेला पर्व म्हणायला पेठेतल्यांची हरकत आहे, आणि तिच्यात तथ्य आहे.

माझी आता वेगळीच अडचण आहे. ऑगस्टच्या अंकात अहिल्योत्सवाचं निमंत्रण जातं. हिंदी मजकुरातलं 'भाद्रपद कृष्ण चतुर्दशी' मराठीत तसंच उतरवलं, आणि कुणी भिंतीवरचं कालनिर्णय उघडून भाद्रपद वद्य चतुर्दशी शोधली, तर तो पितृपक्षात, पालखी होऊन महिना झाल्यावर पोचेल.

पेठेतला, सध्या विजयनगर इंदूर :
मराठीत 'श्रावण वद्य' लिहा. मराठी मजकुराला मराठी पंचांग.

छावणीवाला, इंदूर :
आणि हिंदी वाचणारी नात आजीला विचारेल, दोन दिवस का लिहिलेत? दोन्ही मजकुरांत तारीख आणि वार ठळक छापा. तिथी खाली बारीक अक्षरात.

माहेर पैठण, सासर रामबाग :
बारीक अक्षरात नको. तिथीमुळेच पालखी त्या दिवशी निघते.