सोसायटी ग्रुप: ‘पाहिलं असल्यास कळवा’ या मेसेजवरून झालेली चर्चा

सचिव: सभासदांना नमस्कार. दुपारी ‘पत्नी व मुलगा सकाळपासून घरी नाहीत, कुणी पाहिलं असल्यास कळवा’ असा मेसेज फोटोसकट आला होता. तो आणि त्याखालचे सगळे रिप्लाय मी अ‍ॅडमिन म्हणून डिलीट केले आहेत. सी-402 च्या ताईंनी फोन करून तसं सुचवलं. डिलीट का करायचं, ते त्यांनाच लिहायला सांगितलं आहे.

ए-303: डिलीट कशाला? माणूस काळजीत आहे. गेटबाहेर रिक्षात बसताना पाहिलं, एवढंच मी लिहिलं होतं. शेजारी म्हणून एवढंही करू नये का?

सी-402: दादा, तुम्ही चांगल्या मनानेच लिहिलंत. त्या घरात काय आहे, काय नाही, मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. आपल्याला कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर हे लिहिते आहे.

घरचं माणूस सापडत नसेल तर पोलीस ठाण्यात मिसिंगची तक्रार द्यायची असते. पोलीस शोध घेतात. बाई सज्ञान आहे, आपल्या मर्जीने बाहेर पडली असेल, तर ती पोलिसांपुढे तसा जबाब देऊ शकते, माझा पत्ता घरी कळवू नका असंही सांगू शकते. ग्रुपवर तिला असं सांगायला जागाच नाही. इथे एकजण वेळ लिहितो, दुसरा रिक्षा लिहितो, तिसरा ‘स्टेशनच्या बाजूला गेली’ म्हणतो, चौथी म्हणते ‘मोठी बॅग होती’. चौघांनी मिळून पत्ता तयार करून दिला की!

मी महापालिकेच्या रुग्णालयात समाजसेविका होते. मारहाण सोसून आलेल्या बायका वर्षानुवर्षं पाहिल्या. बाई घर सोडते तो दिवस आणि नंतरचे काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. त्याच दिवसांत नवऱ्याकडची माणसं नातेवाईक, मैत्रिणी, वॉचमन, शाळा, सगळीकडे विचारत फिरतात. असं कुठल्याही घरात घडू शकतं. आणि या ग्रुपवर नवरेही आहेत, बायकाही आहेत, सासवाही आहेत. इथे लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. मीसुद्धा कुणीही वाचलं तरी चालेल एवढंच लिहिते आहे.

बी-101: ताई, बापाचाही मुलावर हक्क आहे ना? एकाच बाजूने कसं बघायचं?

सी-402: आहे ना. त्यासाठी कोर्ट आहे, तिथे दोघांनाही बोलता येतं. तो हक्क आपण सीसीटीव्ही बघून ठरवायचा नाही.

सेक्रेटरी साहेब, फुटेजचं आत्ताच ठरवून टाका. कुणाही सभासदाने ‘जरा दाखवा’ म्हटलं तरी दाखवायचं नाही. पोलिसांनी लेखी मागितलं तर त्यांना द्यायचं. गेटच्या रजिस्टरलाही हेच लागू.

आणि ते गेटचं अ‍ॅप! कॅब आत आली, बाहेर गेली, की त्या फ्लॅटच्या नावे असलेल्या प्रत्येक मोबाइलवर लगेच सूचना जाते. गाडी घेऊन निघाली तर फास्टॅग नवऱ्याच्या नंबरला जोडलेला. खालापूरला टोल कापला की त्याला मेसेज. हे आपण कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण पळून आलेल्या बाईला यातली एकेक गोष्ट महागात पडते.

डी-704: हे पटलं. पण मला वेगळीच भीती वाटते. इतकी गुप्तता पाळायची तर तिच्यापर्यंत मदत पोचणार कशी? रात्री आवाज ऐकू आले तर कानावर उशी ठेवून झोपायचं? ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून आपण आधीच पुष्कळ गप्प बसतो.

सी-402: अगं, बरं झालं विचारलंस. गप्प राहायचं ते ती कुठे आहे, काय करते आहे, याबद्दल. मारहाणीबद्दल गप्प बसायचंच नाही.

आरडाओरडा ऐकू येतोय, जिवावर बेतेल असं वाटतंय, तर सरळ 112 ला फोन कर. तिला विचारत बसू नकोस. बेल वाजवून ‘साखर आहे का’ म्हटलंस तरी हात थांबतो कधीकधी, पण एकटी जाऊ नकोस.

घरगुती हिंसाचाराचा कायदा 2005 चा, 2006 च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. त्याच्या कलम 4 प्रमाणे हिंसा होते आहे किंवा होईल असं वाटणारा कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो. प्रामाणिकपणे कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘आपण कशाला कोर्टकचेरीत अडकायचं’ म्हणणाऱ्यांनी हे कलम लक्षात ठेवावं.

पण जिवाचा प्रश्न नसेल तर आधी तिला विचारायचं. एकटीला गाठून, लिफ्टमध्ये नाही, फोनवर तर नाहीच, कारण फोन कोण तपासतं ते आपल्याला माहीत नसतं. ‘काही लागलं तर मी आहे’ एवढं पुरे. ती नाही म्हणाली तर नाही. कधी निघायचं, कुणाला सांगायचं हे तिचं तिलाच कळतं, कारण घरातल्या माणसाचा अंदाज तिला असतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त 14 टक्के बायकांनी मदत मागितल्याचं दिसलं. बाकीच्यांना मदत नको होती असं मला कुणी सांगू नये. मदत मागितली की बभ्रा होतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

ई-203: आमच्या आधीच्या सोसायटीत कमिटी दोघांना ऑफिसात बोलावून समेट करून द्यायची. तसं करावं का?

सी-402: नको हो काका, अजिबात नको. नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना कुठली बाई खरं बोलेल? पाच पुरुषांसमोर ‘हो, माझंही चुकतं’ म्हणते, आणि घरी गेल्यावर कमिटीपर्यंत गेल्याबद्दल पुन्हा मार खाते.

गुप्तताही राहील आणि मदतही मिळेल अशी जागा करता येते. आपल्या जवळच वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने 2000 साली ‘दिलासा’ हे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं केंद्र सुरू केलं. रुग्णालयातच का? तर ‘तपासायला जाऊन येते’ म्हटलं की घरी कुणी अडवत नाही. केसपेपर काढायचा, आणि तिथेच समुपदेशकाशी बोलायचं. आम्ही बाईला पहिल्यांदा विचारायचो, तुला फोन केला तर चालेल का, कुठल्या वेळी, आणि दुसऱ्याने उचलला तर कोण बोलतंय म्हणून सांगू? एकीने सांगितलं होतं, ‘शिवणक्लासवाल्या बाई म्हणून सांगा’. त्याच नावाने फोन जायचा.

पोलिसांकडे थेट जायला घाबरणाऱ्या बाईसाठी महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत ते सुरू केले. जागा पोलिसांची, पण बोलायला समाजकार्यकर्त्या. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, तिथे तात्पुरता निवारा मिळतो. आणि निवारागृहात राहणाऱ्या बाईची इच्छा असेल तर तिची ओळख उघड करायची नाही, ती तिथे आहे हे जिच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीला कळवायचं नाही, असं 2006 च्या नियमांतच आहे. म्हणून ‘कुठल्या संस्थेत आहे हो, कपडे पाठवते’ असं प्रेमानेसुद्धा विचारू नका.

डी-704: मग नंबर सगळ्यांना आधीच माहीत असले तर? कुणा एकीकडे बोट न दाखवता?

सी-402: तेच म्हणते मी. सगळ्या विंगमध्ये, सगळ्यांसाठी. 181 महिला हेल्पलाइन आणि 112. लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावा, पण क्लबहाऊसच्या लेडीज टॉयलेटच्या दाराला आतून नक्की लावा. तिथे ती एकटी असते, शांतपणे वाचते. बोर्डापुढे थांबलेली बाई चारजणांना दिसते.

ए-303: आमच्याकडच्या मावशींच्या मोबाइलमध्ये 181 सेव्ह करून देऊ का? त्यांच्या घरीही त्रास आहे, असं बायको म्हणते.

सी-402: आधी त्यांना विचारा दादा, तेही वहिनींनी, तुम्ही नको. नंबर कुठल्या नावाने ठेवायचा ते मावशीच सांगतील. आणि त्यांचं हे इथे परत लिहू नका.

ए-303: ठीक आहे ताई. वरचा मेसेज डिलीट करतो.

सचिव: नंबरांचे कागद उद्या छापून घेतो. फुटेज आणि रजिस्टरबद्दल सुपरवायझरला आत्ताच सांगितलं. गेट अ‍ॅपवर प्रत्येक सभासदाला स्वतःच्या येण्या-जाण्याची सूचना घरच्यांसाठी बंद ठेवता येईल का, हे कंपनीला विचारावं लागेल. शनिवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. ताई, तुम्ही याच.