58 सीसी वुडकटरला चेन कोणती घ्यावी? दुकानदार फक्त ‘किती इंची’ विचारतो

दापोलीचा_बागवाला:
नमस्कार मंडळी. 2020 च्या निसर्ग वादळात बागेतले आंबे आणि माड आडवे झाले, तेव्हा 58 सीसीचं चिनी वुडकटर मशीन (चेनसॉ) घेतलं होतं. चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी 18 इंची. मूळ चेन आता इतकी झिजलीय की दाताला कानस लावायला जागा उरली नाही. दुकानात गेलो तर ‘किती इंची?’ एवढंच विचारून त्याने तीन पाकिटं पुढ्यात टाकली. तिन्ही 18 इंचीच. एकीचे दात चौकोनी कोपऱ्याचे, एकीचे गोलसर, तिसरी दिसायलाच बारीक. ‘सगळ्या चालतात, महागातली न्या’ म्हणाला. काही न घेता परत आलो.

काम म्हणाल तर वाळका आंबा, सरपण, पडलेले माड, कधीमधी ऐन. माडावर धार फार लवकर जाते. शिवाय हल्ली काप सरळ न जाता उजवीकडे वळतो. हा चेनचाच दोष का?

गावठी_इंजिनियर:
एवढा विचार कशाला? जुनी चेन सोबत न्या, शेजारी धरून लांबी जुळली की घ्या. आणि चौकोनी दाताचीच घ्या, दणकून कापते.

कानसवाला_कुडाळ:
जुनी चेन सोबत न्या हे बरोबर. पण लांबी जुळवू नका हो! वापरलेली चेन ताणलेली असते, तिच्या शेजारी योग्य मापाची नवी चेनही आखूडच दिसणार. चेनची लांबी ड्राइव्ह लिंक मोजून ठरते. पट्टीच्या खाचेत फिरणारी ती खालची टोकं असतात ना, ती मोजायची. एका टोकाला खडूची खूण करा म्हणजे घोळ होत नाही.

माझ्याकडे दुरुस्तीला मशीन येतं तेव्हा मी आधी पट्टी काढून तिचं बूड रॉकेलच्या फडक्याने पुसतो. तिथे तीन गोष्टी कोरलेल्या असतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकचा आकडा. तुमच्या मशीनवर बहुधा .325, .058 (हे दोन्ही इंचात) आणि 72 निघेल. पण माझ्या भरवशावर पैसे मोजू नका, पुसून वाचा.

अक्षरं गेली असतील तर चेन टेबलावर सरळ ठेवा. लागोपाठचे तीन रिव्हेट धरा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा, तो पिच. पूर्ण अंतर साडेसोळा मिलिमीटर भरलं तर .325. एकोणीसच्या आसपास भरलं तर तीन सुती, म्हणजे 3/8. गेज म्हणजे त्या टोकाची जाडी, ती व्हर्नियरने बघा. .058 म्हणजे दीड मिलिमीटर. इथेच लोक फसतात, कारण 1.3 ची चेन दीडच्या खाचेत आरामात बसते, फिरतेसुद्धा. दुकानदार म्हणतो, ‘बसली की!’ पण ती खाचेत कलते आणि काप वाकडा जातो. उलट 1.6 ची आत शिरतच नाही, निदान वेळीच कळतं तरी.

तुमचं तिसरं बारीक पाकीट बहुतेक लो प्रोफाइल तीन सुती असणार. ती लहान मशीनची चेन. तुमच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात .325 चे, त्यावर ती नीट बसणार नाही. जबरदस्तीने चढवलीत तर स्प्रॉकेटही जाईल. ते पाकीट बाजूला ठेवा.

आता दातांचं. चौकोनी कोपऱ्याचा तो फुल चिझल, गोलसर तो सेमी चिझल. स्वच्छ, ओल्या, मऊ लाकडात फुल चिझल पुढे जातो, यात वाद नाही. पण सगळं काम तो कोपरा करतो, आणि माती लागली की आधी तोच जातो. आपल्याकडे झाड पडतं जांभ्यावर. सालीत लाल धूळ, वाळवीची माती भरलेली. वाळका ऐन तर विचारूच नका. माडाचं लाकूड कडेला चिवट आणि घट्ट, आत भुसभुशीत. जुना माड असेल तर बाहेरच्या कडेवरच धार उतरते. म्हणून तुम्हाला सेमी चिझल. कापायला थोडी हळू, पण दोन धारांमधलं अंतर वाढतं. आणि आडवा माड कापण्यापूर्वी कोयत्याने कापाच्या रेषेवरची माती खरवडून काढा, हे महागड्या चेनपेक्षा जास्त कामाला येतं.

काप उजवीकडे वळतो कारण डाव्या-उजव्या दातांची धार सारखी राहिलेली नाही. हाताने कानस मारताना एका बाजूला जोर जास्त पडतोच. ज्या बाजूचे दात लांब आणि धारदार, काप तिकडे ओढला जातो. पण नवी चेन टाकूनही वळला तर पट्टी बघा. तिची एक कड दुसरीपेक्षा खाली गेलेली असेल. चेन बदलताना दर वेळी पट्टी उलटी करून लावा, म्हणजे एकाच कडेवर झीज होत नाही.

तेलाच्या टाकीत जळकं ऑइल घालत असाल तर बंद करा. त्यातला लोखंडाचा बारीक कीस पंप आणि पट्टी दोन्ही खातो.

शाळामास्तर_लांजा:
थोडं अवांतर. आज वापरतो तसा वळलेला, डावा-उजवा दात 1946 च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला सुचला. त्याआधीच्या साखळीचे दात करवतीसारखे खरवडणारे होते. एका खोडात भुंग्याची अळी लाकूड आडवं-उभं दोन्हीकडून सहज पोखरते आहे हे त्याने पाहिलं आणि तिच्या जबड्यांवरून दात बनवला. आपल्या आंब्याचा भिरूड त्याच लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातला. आपण त्याच्या नावाने बोटं मोडतो, आणि त्याच्याच भाऊबंदांच्या जबड्यांनी आंबा कापतो!

फणसाच्या_फळ्या:
याच मशीनवर फणसाच्या फळ्या पाडायच्या आहेत. तीच चेन चालेल का?

कानसवाला_कुडाळ:
मास्तर, ही गोष्ट ठाऊक नव्हती. गिऱ्हाइकांना सांगीन.

फळ्यांसाठी चेनचं माप तेच ठेवा, कोन बदला. नेहमीचा दात 30 अंशावर घासतात, फळी उभी चिरायची तर 10 अंशावर. काप हळू पडतो पण पृष्ठभाग साफ येतो. एक चेन फक्त त्यासाठी वेगळी ठेवा, रोज कोन बदलत बसू नका. मोठा बुंधा 18 इंची पट्टीने चिरायला जाऊ नका, मशीन तापतं. तो सॉमिलला द्या.

दापोलीचा_बागवाला:
पुसून वाचलं. .325, .058, 72. अगदी तेच. गोलसर दाताचीच आणतो. कानस कितीची घेऊ?

कानसवाला_कुडाळ:
दीड सुती गोल, म्हणजे 4.8 मिलिमीटर. सोबत एक चपटी कानसही घ्या. दातापुढे जो बुटका खुंट असतो तो दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवा. दात घासून घासून खाली आला आणि खुंट तसाच राहिला, की धार असूनही चेन लाकडात शिरत नाही आणि कचऱ्याऐवजी पीठ पडतं. दर तीन-चार धारांनंतर खुंटाची उंची मापायचं डेप्थ गेज ठेवून तपासा. उगाच जास्त खाली घासू नका, मशीन हिसके देतं.

आणि नवी चेन पहिल्या दिवशी सैल पडतेच, पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा, गार झाली की ताण परत बघा. हातमोजे घालून.