मदत हवी आहे: कोच बदलतोय, डबल अ‍ॅक्सल आत्ताच घ्यावा का? (फिगर स्केटिंग)

जर्सीची_नीरजा

नमस्कार मंडळी. मुलगी १२ वर्षांची, न्यू जर्सीत इंटरमीजिएट पातळीवर स्पर्धा करते. घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. टो लूप, सालकाव, लूप, फ्लिप आणि लुट्झ या पाचही उड्या डबल, म्हणजे हवेत दोन गिरक्यांच्या, प्रोग्रॅममध्ये आहेत. लुट्झच्या एजवर (ब्लेडच्या धारेची बाजू) पंचांचं पॅनल अधूनमधून शंका काढतं. डबल अ‍ॅक्सल (पुढे तोंड करून घ्यायची अडीच गिरक्यांची उडी) बरेच महिने "आलाच आता" म्हणतोय, पण पाव ते अर्धी गिरकी कमी पडते. बर्फावर आठवड्याला नऊ तास, जमिनीवरचा व्यायाम दोन तास. बूट दहा महिन्यांचे आहेत.

सीझन संपला की दुसऱ्या रिंकवरच्या कोचकडे जायचं जवळजवळ ठरलंय. सध्याच्या कोचशी भांडण वगैरे काही नाही. आता प्रश्न:
१. सध्याच्या कोचला कधी आणि कसं सांगायचं? ट्रायल लेसन आधी की सांगणं आधी?
२. नव्या कोचने "आधी सिंगल अ‍ॅक्सल मोडून पुन्हा बांधू" असं म्हटलं तर होकार द्यावा का? तिचं वर्ष वाया जाईल अशी धाकधूक आहे.
३. अर्धवट फिरणारा डबल अ‍ॅक्सल स्पर्धेत टाकावा का?

आतलीधार

पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

आधी सध्याच्या कोचला सांगा, मग ट्रायल लेसन घ्या. अमेरिकेत बरेच कोच प्रोफेशनल स्केटर्स असोसिएशनचे सभासद असतात. त्यांच्या आचारसंहितेनुसार दुसऱ्याचा विद्यार्थी फोडायचा नसतो, आणि नवा विद्यार्थी घेताना तो आधी कोणाकडे आणि किती शिकत होता याची चौकशी करायची असते. त्यामुळे चांगला कोच पहिल्याच फोनवर विचारेल, "आधीच्या कोचना कल्पना आहे का?" ज्याने हे विचारलंच नाही त्याच्याबद्दल मी जरा सावध राहीन.

सांगायचं ते समोरासमोर किंवा फोनवर, आणि आई-बाबांनी. बारा वर्षांच्या मुलीवर ते काम टाकू नका. त्याच दिवशी छोटी ईमेल करा: शेवटच्या लेसनची तारीख, बाकी हिशेब किती, आणि आभार. कारणांची यादी नको. इथे कोच स्वतःचं बिल स्वतः लावतात. लेसनचे, स्पर्धेच्या प्रवासखर्चातल्या वाट्याचे आणि म्युझिक कटिंगचे पैसे चुकते केल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाकी ठेवून आलेल्या मुलांना घ्यायला इतर कोच कां कू करतात.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी हातात घ्या: प्रोग्रॅमच्या म्युझिकची मूळ फाईल, आणि कोरिओग्राफी पुढच्या सीझनला वापरली तर चालेल ना याचं स्पष्ट उत्तर. नंतर स्पर्धेच्या नोंदणीत कोचचं नाव बदला आणि नियोजित एलिमेंट्सचा (उड्या, स्पिन वगैरेंचा) फॉर्म नव्या कोचकडून तपासून घ्या. जुना फॉर्म तसाच राहतो आणि पॅनलसमोर भलतीच यादी जाते, असं बऱ्याचदा होतं. कोच बदलला म्हणून होम क्लब बदलावा लागत नाही. तसा तो बदलायचाच असेल तर सभासदत्वाचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं, त्या हिशेबाने बदला.

नव्या कोचची पार्श्वभूमी तपासणी आणि सेफस्पोर्ट (खेळाडूंना गैरवर्तनापासून जपण्याचं) प्रशिक्षण चालू आहे ना ते बघा. लेसन चारचौघांना दिसेल आणि कोणीही मध्ये येऊ शकेल अशा जागी व्हावा आणि मुलीला जाणाऱ्या मेसेजमध्ये पालक असावेत, असा नियमच आहे. तो पाळला जातो का हे ट्रायललाच कळतं.

पॅनलखुर्ची

तिसऱ्याचं उत्तर आकडेमोडीत आहे. गेल्या काही सीझनच्या तक्त्यातल्या बेस व्हॅल्यू (उडीचे मूळ गुण) घेतो, तुम्ही चालू सीझनचा तक्ता उघडून ताडून बघा.

सिंगल अ‍ॅक्सल १.१०, डबल लुट्झ २.१०, डबल अ‍ॅक्सल ३.३०. गुणवत्तेची प्रत्येक पायरी बेसच्या दहा टक्के, उणे पाच ते अधिक पाच.

नेमकी पाव गिरकी कमी पडली तर बेस पूर्ण ३.३० मिळतो, फक्त गुणवत्ता कापतात. उणे दोन धरले तर हातात २.६४. पावपेक्षा जास्त पण अर्ध्यापेक्षा कमी असेल तर बेस ८० टक्के, म्हणजे २.६४, त्यावर उणे दोन, हातात २.११. अर्धी किंवा जास्त कमी पडली तर उडी डाउनग्रेड होऊन सिंगलच्या भावात जाते: १.१० वर उणे तीन, हातात ०.७७. डाउनग्रेड होऊन पडली तर ०.५५, आणि पडण्याची वजावट वेगळी.

तिच्या प्रोग्रॅममध्ये डबल अ‍ॅक्सल येईल तो सिंगल अ‍ॅक्सलच्या जागी. चांगल्या सिंगलला अधिक एक धरला तर १.२१ मिळतात. म्हणजे उभ्याने उतरलेला, पावाहून थोडा जास्त कमी फिरलेला डबलसुद्धा सिंगलपेक्षा ०.९० ने वर राहतो. धोका फक्त डाउनग्रेड आणि पडण्याचा. तेव्हा "कमी फिरतोय" एवढ्यावर थांबू नका. किती कमी हे मोजा. सरावात म्युझिकसकट केलेल्या उड्यांपैकी निम्म्याहून जास्त जर उभ्याने आणि अर्ध्याच्या आत उतरत असतील, तर सीझनच्या सुरुवातीच्या छोट्या स्पर्धांत टाकायला माझी हरकत नाही.

आतलीधार

आकडे बरोबर आहेत, पण मी तरी टाकणार नाही. कमी फिरलेली उडी वाचवून उतरायची सवय लागते. मूल हवेत फिरायचं थांबतं आणि उरलेला पाव बर्फावर, पुढच्या टोवर घासून पुरा करतं. एकदा ते अंगवळणी पडलं की पुढे ट्रिपललाही तेच होतं, आणि घोटा-गुडघ्यावर पिळ पडतो तो वेगळाच. ०.९० गुणांसाठी हे विकत घेऊ नये.

चौथीफ्रेम

दोघांचंही म्हणणं कशावर ठरेल? मोजमापावर. फोन २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवा. ती टेकऑफच्या वेळी ज्या दिशेने जाते त्याला काटकोनात, कठड्याबाहेर, कमरेच्या उंचीवर स्थिर टेकवा. हातात धरून फिरवलात तर मोजणी चुकते. टो पिक (ब्लेडच्या पुढचे दात) बर्फ सोडतो ती फ्रेम आणि उतरणाऱ्या पायाचा टो टेकतो ती फ्रेम, यांच्यामधल्या फ्रेम मोजा. भागिले २४० केलं की हवेतला वेळ सेकंदात मिळतो. वेळेचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८ म्हणजे उंची मीटरमध्ये. ९६ फ्रेम म्हणजे ०.४० सेकंद आणि साधारण २० सेंटिमीटर. १२० फ्रेम म्हणजे ०.५० सेकंद आणि ३१ सेंटिमीटर.

सिंगल आणि डबल दोन्हीच्या पाच-पाच उड्या मोजून इथे टाका. उंची कमी पडतेय, की हवेत अंग उशिरा आवळलं जातंय, हे त्यावरून कळेल. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

जर्सीची_नीरजा

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजलं. सिंगलची सरासरी ९८ फ्रेम, डबलची १०१. व्हिडिओत दिसतं ते असं: डावा पाय पुढे टाकताना तो वर्तुळाच्या आत पडतो, उजवा पाय बाजूने गोल फिरून येतो, आणि हात छातीशी येतात तेव्हा ती सर्वांत उंच जागा ओलांडून खाली यायला लागलेली असते.

चौथीफ्रेम

म्हणजे ०.४१ आणि ०.४२ सेकंद, उंची २० ते २२ सेंटिमीटर. डबलसाठी ती जोर जास्त लावतेय, पण उंची तेवढीच राहते. जोर वर न जाता बाजूला सांडतोय. तीनही गोष्टी एकाच साखळीतल्या आहेत, आणि पहिली कडी पाऊल टाकण्याची.

उजव्या बॅक आउटसाइड एजवर (मागे सरकताना उजव्या ब्लेडची बाहेरची धार) ती पुरती थांबत नाही, खांदे आधीच उघडतात, म्हणून डावा पाय वर्तुळाच्या आत पडतो. आत पडला की डाव्या फॉरवर्ड आउटसाइड एजला धरायला जागा उरत नाही, उजवा पाय सरळ वर न येता गोल फिरतो, आणि वजन डावीकडेच अडकतं. अ‍ॅक्सलमध्ये हवेत वजन उजव्या बाजूवर, बॅकस्पिनच्या (उजव्या पायावरच्या गिरकीच्या) अक्षावर जायला हवं. तोवर हात आवळून उपयोग नाही, आवळले तर ती तिरकी होते. शरीराला हे कळतं, म्हणून ते वाट बघतं.

क्रम असा ठेवा:
– उजव्या बॅक आउटसाइडवर दोन सेकंद स्थिर, मग डावीवर पाऊल, आणि उडी न मारता तिथेच गुडघा पूर्ण वाकवून सरळ सरकत जाणं. बर्फावरचा माग बघा: नवी रेघ वर्तुळाच्या बाहेर जायला हवी.
– वॉल्ट्झ जंप (अर्ध्या गिरकीची उडी), उजवा गुडघा समोरून वर, उंच पायरी चढल्यासारखा. त्यातून थेट बॅकस्पिन.
– सिंगल अ‍ॅक्सल, उतरल्यावर लगेच बॅकस्पिन किंवा लूप. वजन उजवीकडे आलेलं नसेल तर हे जमूच शकत नाही, त्यामुळे ही आपोआप होणारी परीक्षा आहे.
– मग हार्नेसवर (दोराने आधार देणारा पट्टा) डबल. कोच काठी धरून सोबत स्केट करतो तो पोल हार्नेस यासाठी बरा, कारण वेग आणि एज खरे राहतात. दोर जितका ओढला जाईल तितकं शिकणं कमी. दोर ढिला ठेवून चार-पाच उड्या, लगेच हार्नेस काढून दोन.

टेकऑफला ब्लेड थोडं घसरणं नैसर्गिक आहे, ते पुसून टाकायच्या मागे लागू नका. टाचेकडून घसरत असेल तरच सुधारायचं.

थोडक्यात, तुमचा दुसरा प्रश्न: सिंगल मोडून बांधायला होकार द्या. नवा कोच हे न सांगता थेट डबलचे आकडे वाढवायला लागला तर मला काळजी वाटेल.

आतलीधार

वर्ष वाया जाण्याच्या भीतीबद्दल जपानच्या माओ असादाचं उदाहरण द्यायलाच हवं. २०१० मध्ये ऑलिंपिक रौप्य, त्याच वर्षी विश्वविजेती, हातात ट्रिपल अ‍ॅक्सल. तरी त्या सप्टेंबरात ती कोच नोबुओ सातोंकडे गेली आणि उड्या मुळापासून बांधायला घेतल्या. लगेचच्या सीझनला एनएचके ट्रॉफी या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आठवी, पॅरिसच्या स्पर्धेत पाचवी, २०११ च्या जागतिक स्पर्धेत सहावी. पुढे २०१४ मध्ये सोची ऑलिंपिकमधला तो फ्री स्केट (लांब प्रोग्रॅम), १४२.७१ गुण, आणि महिन्याभराने पुन्हा विश्वविजेतेपद. इतक्या वरच्या खेळाडूलाही घसरण सोसावी लागली. तुमच्या मुलीच्या वयात सवयी कोवळ्या असतात, वेळ बराच कमी लागतो. पण पहिले दोन-तीन महिने आलेल्या डबल उड्याही डळमळतील, हे तिला आधीच सांगून ठेवा.

शिवाय सीनियर गटाचं किमान वय आयएसयूने (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना) टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर नेलंय. बाराव्या वर्षी घाई करायचं कारण उरलेलं नाही.

ब्लेडमामा

दहा महिन्यांचे बूट, नऊ तासांचा आठवडा: आधी उजवा बूट बघा. उतरणारा पाय तो, त्यामुळे आधी तोच मोडतो. लेस सोडून घोट्याच्या कातड्यावर अंगठा दाबा. खोल सुरकुती असेल आणि तिथे बूट सहज दुमडत असेल, किंवा ती नुसती उभी असताना घोटा आत कलत असेल, तर अ‍ॅक्सल सुधारणार नाही. टाच आत उचलली जाते का तेही बघा.

नवे बूट घ्यायचे तर कोच बदलण्याच्या महिनाभर आधी किंवा दोन महिने नंतर. नवा कोच, नवे बूट, नवी उडी एकाच आठवड्यात आणू नका. काय बिघडलं हेच कळत नाही. नवीन बुटावर पहिले दोन आठवडे स्ट्रोकिंग (साधं सरकणं), स्पिन, सिंगल, मग डबल. ब्लेड आधी तात्पुरत्या स्क्रूंवर बसवून घ्या, एका बाजूला ओढतंय वाटलं तर हलवता येतं. धार २० ते २५ तासांनी, आणि धारेच्या खाचेची खोली दर वेळी तीच. धार लावणाऱ्याला सांगा, सर्वांत खालचा टो पिक घासायचा नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी धार नको.

फिजिओ_मिसिसागा

उंची दर महिन्याला भिंतीवर नोंदवा. महिन्याला साधारण पाऊण सेंटिमीटर वाढत असेल तर वाढीचा झपाटा चालू आहे. तेव्हा उड्यांची वेळ चुकते आणि ते तंत्राचं अपयश नसतं. त्या काळात डबल अ‍ॅक्सल दिवसाला १५ च्या वर नको, आठवड्यातून चार दिवस, आणि सलग तीन वाईट पडल्या की त्या दिवसापुरतं बंद. कमरेला आणि माकडहाडाला पॅड असलेली चड्डी बिनधास्त घाला.

टाचेत किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं या वयात नेहमीचं, भार कमी केला की बसतं. पण मागे वाकताना किंवा उतरताना कंबर दुखत असेल आणि ते दोन आठवडे टिकलं, तर क्रीडा-वैद्यकाकडे जा. मणक्याच्या हाडाला बारीक चीर असू शकते. पावलाच्या हाडावर बोट ठेवून "इथेच" असं ती सांगत असेल तर उड्या त्याच दिवशी थांबवा.

आणि कोणताही कोच "वजन थोडं उतरव, उडी होईल" म्हणाला, तर तिथून निघा. पुरेसं न खाणाऱ्या मुलीची हाडं आधी कमजोर होतात, उडी नंतर जाते.

जर्सीची_नीरजा

उजव्या बुटाला सुरकुती आहे! आधी बूट, मग कोच असा क्रम ठरवलाय. शेवटची शंका: जुलैत चार आठवडे पुण्याला जायचं आहे. चालेल?

चौथीफ्रेम

जून-जुलैच नव्या तंत्राचे महिने असतात, मधोमध चार आठवडे गेले की पुन्हा पहिल्यापासून. जमलं तर शाळा संपल्या संपल्या जा, तीन आठवड्यांत परत या, आणि नव्या कोचकडे सुरुवात परत आल्यावर, नव्या बुटांना महिना झाल्यावरच करा. पुण्यात रोज २० मिनिटं पुरेत: दोरीच्या उड्या ३० सेकंदांचे सहा सेट, जमिनीवर सिंगल अ‍ॅक्सल दहा, प्रत्येक वेळी उजव्या पायावर तीन सेकंद स्थिर. फरशीवर नाही, गवत किंवा मॅट. परत आल्यावर पावलाचं माप पुन्हा घ्या, बूट तेव्हा घ्या, आणि डबल तिसऱ्या आठवड्यापासून.