शाकाहारी घरातील मुलाच्या मेंदूत टेपवर्मची गाठ कशी झाली?

सांजवेळ :
माझा मुलगा पाचवीत शिकतो. तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी गृहपाठ करत असताना त्याच्या हातातील पेन्सिल गळून पडली, उजव्या हाताची बोटे आपोआप झटके देऊ लागली आणि पाहता पाहता सर्वांगाला आकडी आली. सासूबाईंनी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला, मी चमच्याने दातखीळ सोडवण्याचा प्रयत्न केला. दोन-तीन मिनिटांत आकडी थांबली, पण त्यानंतर तो बराच वेळ ग्लानीत होता. एमआरआयमध्ये मेंदूत कड्यासारखी गोल आकृती आणि तिच्यात कडेला एक ठिपका दिसला. हा ठिपका म्हणजे टेपवर्मच्या अळीचे डोके असून आजाराचे नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस आहे, असे डॉक्टरांनी सांगितले.

आमच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही. मग डुकराच्या मांसातून होणारा हा आजार माझ्या मुलाला कसा झाला? सासूबाईंनी घरात कोबी आणणे बंद केले आहे. ते योग्य आहे का? धाकट्या मुलीला त्याच्यापासून लागण होईल का? आणि जंताच्या गोळ्या आम्ही सर्वांनीच घेऊन टाकाव्यात का? कृपया जाणकारांनी सांगावे.

निरगुडी :
ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. या कृमीचे मानवी शरीरातील दोन मार्ग वेगवेगळे आहेत आणि सगळा गोंधळ ते एकच समजण्यातून होतो.

डुकराच्या मांसात या कृमीच्या पाण्याने भरलेल्या, साबुदाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी असतात. असे मांस नीट न शिजवता खाल्ले, तर खाणाऱ्याच्या आतड्यात पूर्ण वाढीचा पट्टकृमी (टेपवर्म) तयार होतो, जो काही मीटर लांब असू शकतो आणि वर्षानुवर्षे तेथे राहतो. त्या माणसाला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. मात्र त्याच्या शौचातून कृमीचे तुकडे व हजारो अंडी बाहेर पडत राहतात. मेंदूतील गाठ होते ती ही अंडी पोटात गेल्याने. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायू, डोळा किंवा मेंदू येथे जाऊन गाठ धरून बसते. म्हणजे आपल्या मुलाच्या बाबतीत डुक्कर हा थेट दुवा नाही. शौचानंतर न धुतलेले कोणाचे तरी हात, किंवा मैलापाण्याने दूषित झालेले अन्न वा पाणी, हा दुवा आहे. डुकराला आपल्या धर्मामुळे कधीही न शिवणाऱ्या न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू कुटुंबांतही हा आजार आढळल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि त्याचा माग घरकामासाठी आलेल्या, आतड्यात कृमी असलेल्या व्यक्तींपर्यंत गेला होता. त्या व्यक्तींना आपल्या पोटात काय आहे याची कल्पना नव्हती, म्हणून येथे दोष देण्याचा प्रश्नच येत नाही.

मेंदूत गाठ असलेल्या मुलापासून दुसऱ्याला लागण होत नाही, त्यामुळे धाकटीला वेगळे झोपवू नका. मात्र घरातील सर्वांची, आणि स्वयंपाकाला कोणी येत असेल तर त्यांचीही, शौचतपासणी करून घ्या. अंडी रोज पडतातच असे नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावेत.

गोळ्यांविषयी मात्र कळकळीने सांगतो की त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. अल्बेंडाझोल या जंतनाशक औषधाने गाठीतील अळी मरू लागली की मेंदूला सूज येते आणि त्या सुजेनेच पुन्हा आकडी येऊ शकते; म्हणूनच हे औषध स्टेरॉइडच्या जोडीने, स्कॅन पाहून आणि डोळ्यांची तपासणी करून सुरू केले जाते. शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिनाला याच औषधाची जी ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात, ती निरोगी मुलांसाठी चांगलीच आहे, परंतु आपल्या मुलाच्या वर्गशिक्षिकांना त्याच्या आजाराची आधी कल्पना द्या आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ती द्या.

काळीमाती :
मी भाजीपाला पिकवतो, म्हणून कोबीविषयी लिहितो. कोबीत दिसणारी हिरवी अळी ही बहुतेक वेळा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. ती मेंदूत जात नाही आणि टेपवर्मशी तिचा काहीही संबंध नाही. टेपवर्मचे अंडे डोळ्यांना दिसतच नाही. शहराच्या नाल्याचे पाणी ज्या शेताला दिले जाते, तेथील कोणत्याही भाजीवर ते असू शकते, आणि कोथिंबीर, मुळा, गाजर, पालक हे जमिनीलगत वाढणारे व कच्चे खाल्ले जाणारे पदार्थ त्या दृष्टीने कोबीइतकेच जपण्यासारखे आहेत. मिठाच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवली की अंडी मरतात, असे समजू नये. वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुतल्याने ती निघून जातात आणि शिजवल्याने मरतात. कोबी बंद करून कोशिंबिरीची गाजरे नुसती पुसून किसली, तर काही साधले नाही. आमच्या गावात अजून काही जण ओढ्याकाठी शौचाला बसतात आणि मोकाट डुकरे तेथेच फिरतात. ती विष्ठा खाऊन डुकराला गाठी होतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. हे ग्रामसभेत बोलायला मला संकोच वाटत असे, आता वाटत नाही.

पाणवठा :
माझ्या धाकट्या भावाला हाच आजार होता. दोन गोष्टी अनुभवातून सांगते. आकडी आल्यावर तोंडात चमचा घालू नका; दात तुटतो किंवा श्वास अडतो. कांदा, चप्पल यांनी काही होत नाही. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. आकडी पाच मिनिटांहून अधिक टिकली किंवा लागोपाठ आली, तर तात्काळ रुग्णालयात न्यावे. दुसरे म्हणजे फिटचे औषध. चार महिने काही झाले नाही म्हणून आम्ही ते परस्पर बंद केले आणि पंधराव्या दिवशी तो जिन्यात पडला. पुढे स्कॅनमध्ये गाठ विरघळल्याचे दिसल्यावर डॉक्टरांनीच मात्रा हळूहळू उतरवली. आज तो नोकरी करतो.

सांजवेळ :
आपणा सर्वांचे मनापासून आभार. चमच्याबद्दल वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना तपासणीचे कसे विचारावे, हाच मोठा प्रश्न आहे. त्यांना अपमान वाटू नये.

निरगुडी :
आधी स्वतःचे नमुने द्या आणि मावशींना सांगा की डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचीच तपासणी सांगितली आहे, त्यात तुम्हीही आलात. खर्च आपण करा. कृमी निघाला तरी त्यावर सोपा उपचार आहे, पण गोळी डॉक्टरांनीच द्यावी, कारण क्वचित त्याच व्यक्तीच्या मेंदूतही गाठ लपलेली असते. आणि मोरीपाशी साबण ठेवताना तो त्यांच्याही हाताशी येईल असा ठेवा. पुष्कळ घरांत तो फक्त आतल्या न्हाणीघरात असतो.