तिच्या नावाने संशोधनाला हातभार: नाशिककरांनो, अनुभव लिहा

माझी आई स्तनाच्या कॅन्सरने गेली. वर्षश्राद्धाच्या खर्चातला मोठा भाग आम्ही भावंडांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरला संशोधनासाठी दिला. तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले लोक विचारत असतात की कुठे द्यायचे, कसे द्यायचे, पैसे नसतील तर काय करता येईल. रामकुंडावर कुठून कुठून लोक आपल्या माणसांचे विधी करायला येतात. गेलेल्याच्या नावाने काहीतरी करावं, हे आपल्या गावाला कुणी शिकवायला नको. त्यातलं थोडं संशोधनाकडे ज्यांनी वळवलं, त्यांनी इथे लिहावं. रक्कम सांगू नका, घरात काय बोलणं झालं ते सांगा.

सुरुवात मी करते. मामा म्हणाले, "एखाद्या गरीब पेशंटला दे. संशोधन म्हणजे उंदरांचे प्रयोग, त्याचं पुढे काय होतं कुणाला माहीत?" मी त्यांना एका चाचणीची माहिती वाचून दाखवली. टाटा मेमोरियलमधले कॅन्सर सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली २०११ पासून देशातल्या ११ केंद्रांत स्तनाचा कॅन्सर झालेल्या १६०० स्त्रियांवर ती झाली. दात काढताना देतात त्याच जातीच्या भुलीचं इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या जेमतेम दहा मिनिटं आधी गाठीभोवती द्यायचं, बस. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. औषध जुनं आणि स्वस्त, त्यात कुठल्या कंपनीचा फायदा नाही. मग असा प्रश्न हाती घ्यायला पैसा येणार कुठून? सरकारकडून, नाहीतर आपल्याकडून. मामा गप्प बसले आणि नंतर त्यांनी स्वतःचेही पैसे त्यात घातले.

एक सांगते, देणगी 'संशोधनासाठी' आहे असं देताना स्पष्ट लिहून द्या. पेशंटच्या मदतीचा निधी वेगळा असतो. तोही चांगलाच, पण आपल्या मनात काय आहे ते कागदावर यायला हवं.

सिन्नरहून

आम्ही पैसे दिले नाहीत, देण्यासारखे उरलेही नव्हते. माझ्या मिसेसला डॉक्टरांनी एका ट्रायलबद्दल, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीबद्दल, विचारलं होतं. घरच्यांचं एकच, "तिच्यावर प्रयोग नको." तिने मराठीतलं संमतीपत्र दोनदा वाचलं, मला वाचायला लावलं. नेहमीचे उपचार बंद होणार नव्हते आणि कधीही बाहेर पडायची मुभा होती. चिठ्ठी टाकावी तसं कॉम्प्युटरने तिला नेहमीच्या उपचारांच्या गटात टाकलं, नवीन औषध मिळालं नाही. मला वाईट वाटलं. ती म्हणाली, "अहो, तुलना करायला दुसऱ्या बाजूलाही बायका लागणारच ना."

ती गेल्यावरही हॉस्पिटलमधून फॉलोअपचा फोन आला. बोलणाऱ्या बाईंना माहीत नव्हतं. तारीख सांगितली, कशाने गेली ते सांगितलं, फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. आता मला वाटतं, ते सांगणं हेच मी तिच्या नावाने केलेलं काम. लोक फोन उचलत नाहीत, नंबर बदलतात आणि इतक्या वर्षांची माहिती अर्धवट राहते. माझा नंबर बदलला तेव्हा मी आधी त्यांना कळवलं. ज्यांच्या घरचं माणूस ट्रायलमध्ये होतं त्यांना हात जोडून विनंती आहे, फोन उचला.

निफाड तालुक्यातून

आमच्याकडं दशक्रियेला भांडी वाटायची पद्धत. चुलतीच्या वेळी आम्ही ती बंद केली, पंगत मात्र ठेवली. सासरे म्हणाले होते, "लोक म्हणतील द्राक्षाचा पैसा आला पण मन आलं नाही." मग प्रवचनाच्या आधी दिरानी माईकवर सांगितलं की भांड्यांचे पैसे कॅन्सरच्या संशोधनाला देणार आहोत. कुणी काही बोललं नाही. उलट जेवताना दोन बायांनी मला बाजूला घेऊन गाठीबद्दल विचारलं.

त्यांना मी मुंबईच्या अभ्यासाचं सांगितलं. १९९८ ला सुरू झाला, दीड लाखाहून जास्त बाया. त्यातल्या साधारण अर्ध्या बायांचे स्तन प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या, मशीन नाही काही नाही. २०२१ ला निष्कर्ष छापून आले. तपासलेल्यांतल्या पन्नाशीच्या पुढच्या बायांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. आमच्या गावात मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढायचं, मशीन कधी येईल सांगता येत नाही, पण शिकलेले हात येऊ शकतात. चुलतीला दुखत नव्हतं म्हणून तिनं दाखवलंच नाही. पहिल्यांदा गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, हे सगळ्यांना सांगा.

नाशिकरोडहून

आत्याला घेऊन पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरायचं, तिथून परळ. काढलेला भाग टिश्यू बँकेत, म्हणजे संशोधनासाठी असे नमुने जपून ठेवतात तिथे, ठेवायला चालेल का, असं शस्त्रक्रियेआधी विचारलं तेव्हा तिने लगेच सही केली. ती आज नाही. तिच्या गाठीवर कुणी अभ्यास करत असेल तर करू दे, आम्हाला त्यात समाधान आहे.

कॉलेज रोडवरून

मी जीवशास्त्र शिकवते. मोठ्या बहिणीच्या नावाने कॉलेजमध्ये विद्यार्थिनीला दरवर्षी पारितोषिक ठेवलं आहे. ते देताना कमल रणदिवे यांची ओळख करून देते. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत कॅन्सरवर आयुष्यभर संशोधन केलेल्या, १९८२ च्या पद्मभूषण. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी फार आधी मांडला होता. मुलींना हे नाव माहीत नसतं याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

धागाकर्ती

सिन्नरच्या दादा, तुमचं वाचून मी आईचे जुने कागद काढले. तिच्या फाइलमध्ये माझाच नंबर आहे, तो चालू आहे.

दोघांनी वेगळा संदेश पाठवून विचारलं की ट्रायल खरी आहे हे कसं ओळखायचं. भारतातल्या औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते, २००९ पासून ती सक्तीची आहे. तिथे कुणालाही फुकट शोधता येतं. सही करण्याआधी डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक मागून घ्या.