पोट्टा म्हणते एक वर्ष कॉलेज सोडतो अन् थायलंडले गाईड बनतो, जाऊ द्यावं का नाई?

पऱ्हाटीवाला, दारव्हा
राम राम मंडळी. आमच्या मोठ्या भावाचा पोरगा यंदा बी.ए. सेकंड इयर पास झाला. आता म्हणते एक वर्ष गॅप घेतो अन् थायलंडले टूर गाईड म्हणून जातो. यवतमाळले कोणी एजंट भेटला त्याले, दीड लाख मागते, म्हणते पट्टायाले आपल्याकडचे ग्रुपच्या ग्रुप येतेत, हिंदी-मराठी बोलणारे पोट्टे पाहिजेत, पगार अलग अन् टिप अलग. भाऊ म्हणते घराबाहेर पाय टाकला तर तंगडं तोडतो. मी काका, मधात सापडलो.

माझं मत सांगतो, मंग झोडा मले. मले वाटते पोट्ट्यानं जावं. आपल्याइकडे गॅप कोणी घेत नाई असं थोडीच हाय, आपण त्याले गॅप म्हणत नाई एवढंच. आमच्या गल्लीतले तीन पोट्टे बी.ए. होऊन चार-पाच वर्ष झाले, अमरावतीले अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून बसतेत, एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, जे निघन ते. त्यायच्या बापाले कोणी इचारत नाई पोट्टा काय करून रायला म्हणून, "तयारी करून रायला" म्हटलं का झालं. अन् हा म्हणते एक वर्ष दुनिया पायतो, चार पैसे कमावतो, तर हा वाया गेला. हे काई माह्या डोक्यात बसत नाई बाप्पा.

मास्तर वाशिमवाले
पऱ्हाटीवाले भाऊ, तुमचा अभ्यासिकेचा मुद्दा मान्य, पण एक चूक दाखवून दुसरी बरोबर होत नाही. मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो, दरवर्षी बघतो. "एक वर्ष थांबतो सर" म्हणून गेलेला पोरगा परत येतो का? दहातले दोन येतात फार तर (हा माझा अंदाज, मोजलेलं नाही). बाकीचे कुठं फायनान्सच्या वसुलीला लागतात, कुठं पानठेल्यावर. आणि परत यायचं म्हटलं तर गॅपचं शपथपत्र करा, सेतू केंद्रात चकरा मारा, शिष्यवृत्तीच्या अर्जात मधला खंड का पडला ते समजावून सांगा. ज्याच्या घरी पगार येतो त्याच्या पोरानं गॅप घ्यावा. ज्याच्या घरी वर्षातून दोनदा पैसा दिसतो, सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर, त्यानं डिग्री आधी खिशात घालावी, मग जिथं जायचं तिथं जावं.

बोंडअळी
दीड लाखात दोन चांगल्या म्हशी येतेत. मी सांगून रायलो फक्त.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
बोंडअळी भाऊ, म्हशीबी घेतल्या होत्या आम्ही. त्यायची कहानी अलग धाग्यात सांगतो.

मास्तर, नवीन शैक्षणिक धोरणात दोन वर्ष झाले का डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येते अन् तीन वर्षाच्या आत परत येता येते असं हाय ना? तुमचंच खातं हाय ते.

मास्तर वाशिमवाले
कागदावर आहे. तुमच्या पुतण्याच्या कॉलेजात जाऊन क्लार्कला विचारा, तो काय सांगतो ते इथं लिहा.

बॅग भरलेलीच असते
मी अकोला जिल्ह्यातला, नऊ वर्षं टूर मॅनेजर म्हणून काम केलं, त्यातली सहा परदेशातल्या टूरवर. आधी तातडीचं सांगतो, मत नंतर.

थायलंडमध्ये गाईडचं काम परदेशी माणसाला करताच येत नाही. तिथल्या सरकारनं काही कामं फक्त थाई लोकांसाठी राखून ठेवलीत, त्या यादीत टूर गाईड आहे. केस कापणंसुद्धा त्याच यादीत आहे. म्हणजे तुमच्या पुतण्याला तिकडं ना गाईड होता येईल ना न्हावी, एजंट काहीही सांगो. तो टुरिस्ट म्हणून पाठवणार, पोरगा पकडला गेला की दंड, डिपोर्ट आणि पासपोर्टवर डाग. दीड लाख देऊ नका.

आता दुसरं, लोक गाईड आणि टूर मॅनेजर एकच समजतात. ग्रुपसोबत मुंबईहून विमानात बसतो तो टूर मॅनेजर. डोकी मोजायची, खोल्यांच्या चाव्या वाटायच्या, कुणाला बिनकांद्याचं जेवण पाहिजे, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचा पासपोर्ट हॉटेलातच राहिला. गाईड म्हणजे त्या गावचा, परीक्षा दिलेला, कार्ड गळ्यात असलेला माणूस. फ्रान्समध्ये म्युझियममध्ये ग्रुप न्यायचा तर कार्डवाला गाईडच लागतो, इटलीतही लायसन्स लागतं, दुबईतसुद्धा गाईडचं लायसन्स वेगळं. रोममध्ये तिथली गाईड बाई इंग्रजीत सांगायची आणि मी मागं उभा राहून आपल्या काकू लोकांना हळू आवाजात मराठीत सांगायचो, तेही इकडं तिकडं बघून.

आणि हे ग्लॅमरचं काम नाही. युरोपात बसचा ड्रायव्हर साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबणार म्हणजे थांबणार, गाडीतलं यंत्र सगळं नोंदवतं, त्याला दंड बसतो. आपल्या लोकांना ते कळत नाही. एकदा ऑस्ट्रियात एक काका चॉकलेट घ्यायला गेले ते पाऊण तास उशिरानं आले, पूर्ण दिवसाचं गणित कोलमडलं, रात्री जेवणाच्या हॉटेलचं किचन बंद झालेलं, ४२ माणसं उपाशी आणि शिव्या मला. चिवडा वाटला मी, आईनं दिलेला.

तरी माझं मत विचाराल तर पोरानं हे काम करावं. पण सुरुवात इथून. मला पहिली दोन वर्षं राजस्थान, काश्मीर, अंदमान केल्याशिवाय कंपनीनं परदेशाचं तिकीट दाखवलं नव्हतं.

मोहर्लीकर
मी ताडोब्यात गाईड हाव, बारा वर्ष झाले. म्हणून बोलतो.

भाऊ तुमच्या पुतण्याले पट्टाया कायले पायजे? आमच्या गेटवर लंडनचा माणूस येते, जर्मनीचा येते, मुंबईचे तर मोजूच नका. दुनिया आमच्या जिप्सीत येऊन बसते. मले इंग्रजी दहावीत ३५ होते. आता मी चितळाचा कॉल अन् वानराचा कॉल कसा ओळखाचा, वाघ चालते का बसला हाय हे त्या कॉलवरून कसं समजते, सारं इंग्रजीत सांगतो. व्याकरण चुकते, त्यायले फरक पडत नाई. लोक वाघ पाहाले येतेत अन् वाघ दिसला नाई तर तोंड पाडतेत, तवा त्यायले मुंगळ्याच्या वारुळावर, अस्वलाच्या खरोच्यावर पंधरा मिनिट थांबवाचं, हे खरं गाईडचं काम. हे शिकाले विमानात बसाची गरज नाई.

तुमचा पोट्टा इथं नाई येणार मले माहीत हाय. काहून का इथं फेसबुकवर फोटो टाकाले मागं समुद्र नाई.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
मोहर्लीकर भाऊ बोलणं लागलं, पण खरं हाय. पण एक सांगा, तुमच्याइकडे बाहेरच्या गावचा पोट्टा गाईड होऊ शकते का? मी ऐकलं का जंगलाला लागून जे गावं हायेत त्यायच्याच पोट्ट्यायले घेतेत.

मोहर्लीकर
हो. अन् तसंच पायजे. आमची गुरं वाघानं खाल्ली, जंगलात जाणं आमचं बंद झालं, मंग रोजगार आमचाच. तुमच्याइकडचं काय हाय ते तुम्ही पाहा. लोणार हाय, चिखलदरा हाय, सेवाग्राम हाय.

नाव कशाला, पुसद
मग मोहर्लीकर दादा, तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटला ना. इथं गाईड हो म्हणता आणि जागा गावकऱ्यांनाच. (ते बरोबरच आहे, माझा विरोध नाही.) लोणारचं बोला. २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, सगळ्या देशानं फोटो पाहिले. मी गेल्या वर्षी मैत्रिणींसोबत गेले, काठावर एका पोराला विचारलं पाणी गुलाबी का झालं होतं, तो म्हणाला देवाची करणी. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं तो रंग आला होता एवढं त्याला कुणी सांगितलं नसेल? उल्का पडून बेसाल्ट खडकात झालेलं विवर, दुसऱ्या देशात असतं तर तिकीट लावून दिवसभर फिरवलं असतं. आपल्याकडं पोरांना वाटतंच नाही की हे सांगणं पण काम असतं, त्याचे पैसे मिळतात. ते बाहेर जाऊन बघितल्यावरच वाटतं. म्हणून मी जाण्याच्या बाजूनं.

आणि जायचं तर एजंट कशाला? ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा भारतीयांसाठी २०२४ पासून सुरू झालाय. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, खात्यात ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायचे. वर्षाला १००० जागा, नावं चिठ्ठीनं काढतात, चिठ्ठीत नाव टाकायला २५ डॉलर. नाव लागलं तर व्हिसाची फी वेगळी, साडेसहाशे डॉलरच्या वर. बारा महिने राहता येतं, एका मालकाकडं सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. तुमचा पुतण्या सेकंड इयर पास आहे म्हणजे शिक्षणाची अट बसते. गंमत म्हणजे तिकडच्या उत्तर भागात आणि दूरच्या ओसाड भागात तीन महिने टुरिझमचं काम केलं, त्यात गाईडचं काम पण धरतात, तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो.

मी २०२४ ला पहिल्याच वेळी नाव टाकलं होतं. लागलं नाही. घरी सांगितलंच नव्हतं त्यामुळं कुणी रडलं पण नाही.

मास्तर वाशिमवाले
ताई माहिती चांगली दिली, पण तुम्हीच माझी बाजू मांडली. ५००० डॉलर म्हणजे तीन लाखांच्या आसपास. वर व्हिसाची फी, वर जाण्यायेण्याचं तिकीट. दारव्ह्याच्या शेतकऱ्याच्या खात्यात हे कुठून दाखवणार? पतसंस्थेतून उचलून? म्हणून म्हणतो गॅप हा पोट भरलेल्यांचा खेळ.

नाव कशाला, पुसद
सर, खात्यात दाखवायचे म्हणजे खर्चायचे असं नाही, पहिले काही दिवस उपाशी राहू नये म्हणून असतात ते. आणि एजंटला दीड लाख कुठून देणार होते? त्याच घरातून ना? एजंटला द्यायला पैसा सापडतो आणि सरळ मार्गानं जायला सापडत नाही, हे कसं? पुण्याच्या क्लासला दोन वर्षं ठेवलं तर खोली, मेस, फी धरून यापेक्षा कमी लागतात का?

तिकडं कमीत कमी मजुरीच तासाला २४-२५ डॉलर आहे. एका दिवसाचा हिशोब करून बघा.

बोंडअळी
एका दिवसाचे दहा हजार होतेत. मी हिशोब दोनदा केला. आता मलेच जावं वाटून रायलं पण माहं वय ४१.

बॅग भरलेलीच असते
ताईंचं बरोबर आहे पण पोराला एक सांगा, गेल्या गेल्या कोणी गाईड करत नाही. तिकडं उलुरू म्हणून मोठा लाल खडक आहे, त्याच्या पार्कात गाईड व्हायचं तर तिथल्या मूळच्या अनंगू लोकांच्या जागेबद्दलचा एक कोर्स करावा लागतो, काय सांगायचं, कुठला फोटो काढू द्यायचा नाही. त्या खडकावर चढणं २०१९ पासून बंद आहे, का बंद आहे ते गाईडला नीट सांगता यायला पाहिजे. आणि बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर-गाईड एकच असतो, म्हणजे मोठ्या गाडीचं लायसन्स. सुरुवातीला हॉटेलात चादरी बदलणं, भांडी, फळं तोडणं. तिकडं कापसाचं जिनिंग पण जोरात चालतं, हंगामात असे व्हिसावाले पोरं घेतात.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
हाहाहा. म्हणजे दारव्ह्याची पऱ्हाटी सोडून पोट्टा ऑस्ट्रेलियात जिनिंगले. भावाले सांगितलं तर तो म्हणन आपल्या वावरात काय काटे होते.

जळालेला माणूस, हिंगणघाट
उशिरा लिहून रायलो पण लिहिल्याशिवाय राहवत नाई. माह्या साळ्याचा पोरगा असाच गेला होता. नाव घेत नाई कोणाचं. दुबईले "टूर असिस्टंट" म्हणून, एक लाख ऐंशी हजार दिले, त्यातले लाख बायकोचे दागिने मोडून. व्हिजिट व्हिसा निघाला. तिकडं गेल्यावर लेबर कॅम्पच्या किचनमधे भांडे घासाले लावले, पासपोर्ट मालकाजवळ, फोन केला तर म्हणे मामा मी ठीक हाव, अन् रडाचा आवाज. पोट्टा दोन महिन्यानं आला परत, तिकिटाचे पैसे आम्हीच पाठवले. एजंटाच्या ऑफिसले कुलूप. ठाण्यात गेलो तर म्हणे करार दाखवा, करार कुठं होता.

मंग समजलं का सरकारचं ई-मायग्रेट म्हणून संकेतस्थळ हाय, तिथं नोंदणी असलेला एजंटच माणूस पाठवू शकते, अन् त्यानं ३० हजार अन् त्याच्यावर जीएसटी एवढंच घ्याचं असते. तीस हजार. आम्ही किती दिले ते वर लिहिलं.

पऱ्हाटीवाले, तुमच्या एजंटाले फक्त नोंदणी नंबर मागा.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
भाऊ, वाचून पोटात गोळा आला. आताच पुतण्याले फोन केला, त्याले म्हटलं एजंटाले स्पीकरवर घे. नंबर मागितला तर तो म्हणे "काका तुम्ही शिकलेसवरले दिसता, नंबर ऑफिसले हाय, उद्या पाठवतो". थायलंडचा तो कायदा सांगितला तर म्हणे गाईड नाई, "गेस्ट रिलेशन" लिहितो कागदावर. पोट्ट्यानं स्वतःच फोन ठेवला. मंग चूप बसला, मंग म्हणे काका पण मले जायचं हाय.

मी त्याले पुसदच्या ताईचं लिहिलेलं सारं पाठवलं. पासपोर्टच काढला नव्हता राजेहो त्यानं, दीड लाख देत होता अन् पासपोर्ट नाई.

मास्तर वाशिमवाले
पासपोर्ट काढायला हरकत नाही, ते मी मान्य करतो. तोपर्यंत थर्ड इयरची ॲडमिशन घेऊ द्या. चिठ्ठीत नाव लागायची वाट कॉलेजात बसूनही बघता येते.

मोहर्लीकर
अन् उन्हाळ्यात चार दिवस इकडं पाठवा. माह्या घरी राहीन. जिप्सीत मागं बसून नुसतं ऐकाचं, बोलाचं नाई. जुलैपासून कोअर, म्हणजे आतलं जंगल, बंद असते, त्याच्या पहिले पाठवा.

नाव कशाला, पुसद
मोहर्लीकर दादा, मला पण चालेल का चार दिवस? तुमच्या घरी काकू असतीलच.

मोहर्लीकर
चालते ना बाई. आमच्याइकडे पोरीबी गाईड हायेत, त्यायच्यासंग फिरशीन.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
सगळ्यायचं ऐकलं. मी अजूनबी म्हणतो पोट्ट्यानं जावं, फक्त त्या एजंटासंग नाई. ॲडमिशन घ्या म्हणते मास्तर, तेबी पटते. आता हे भावाले कोण सांगणार हाच प्रश्न हाय, मी म्हणतो सोयाबीन सोंगून झाल्यावर सांगतो.

बोंडअळी
सोंगून झाल्यावर भाव पाहून तो आणखी भडकन. आधीच सांगा.